खिल्लाराचे दात, कार्डाचे कोपरे

“आरं, पत्त्याचा नाद लागला का काय तुला तिकडं?”

रविवारी इथे अमेरिकेत कार्डांच्या बाजाराला निघालोय म्हटल्यावर आबांनी सांगलीहून फोनवर विचारलं. पत्ते नाहीत आबा, खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं, अडीच बाय साडेतीन इंचाची. लोक ती विकतात, बदलतात. “कागदाला पैसं कोण देतंय?” मग मी त्यांना मिकी मँटलच्या १९५२ सालच्या बेसबॉल कार्डाची गोष्ट सांगितली. टॉप्स कंपनीने त्या मालिकेचा न खपलेला माल १९६० च्या सुमारास बोटीतून नेऊन समुद्रात टाकला, असं सांगतात. उरलेल्यांपैकी एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, “१९५२ म्हंजे आपल्या हजारेनं मद्रासला इंग्लंडला हरवलं ते साल. त्याचं न्हाई का कार्ड?” विजय हजारे सांगलीचे, भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचे कप्तान. मी शोधलंय. पण इथल्या टेबलांवर क्रिकेट औषधालाही सापडत नाही.

कार्डवाल्यांची मोठी जत्रा म्हणजे ‘नॅशनल’. १९८० पासून भरते, बऱ्याचदा शिकागोच्या विमानतळाशेजारी रोझमाँटला. आमचा बाजार त्यामानाने आठवडी बाजारासारखा: उपनगरातल्या हॉटेलचा हॉल, पन्नासेक टेबलं, दारात पाच डॉलरचं तिकीट. पोरं पाठीला सॅक आणि हातात कडीची पेटी घेऊन फिरतात. निम्मे सौदे टेबलावर होतच नाहीत, वाटेत उभ्याउभ्या होतात.

माझ्याकडे गॅरेज सेलमधून दहा डॉलरला आणलेला बुटांचा खोका होता. त्यातली बहुतेक कार्डं १९९० च्या आसपासची. त्या काळात छापखान्यांनी इतका रतीब घातला की आज त्यांना रद्दीचा भाव. पण तळाशी बास्केटबॉलवाला एक चार्ल्स बार्कली निघाला, १९८६ चा, फ्लीअर कंपनीचा. (त्याच संचातला मायकेल जॉर्डन निघाला असता तर हे लिहायला मी वेळ काढला नसता. अर्थात त्याच्या नकलाही इतक्या की आधी शंकाच घ्यायची.)

टेबलवाल्याने कार्ड उचललं, दिव्याखाली तिरकं धरलं, मग डोळ्याला भिंग. चारही कोपरे, कडा, पृष्ठभागावरचे चरे, चित्र मधोमध छापलंय की सरकलंय. मला खरसुंडीचा बैलबाजार आठवला. आबा खिल्लाराचा जबडा उघडून दात बघायचे, दोन दाती की जुळलेला, मग खूर, मग चार पावलं चालवून. इथे ते काम पीएसएसारख्या कंपन्यांकडे देता येतं. त्या १ ते १० गुण देऊन कार्ड प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. आठ गुण आणि दहा गुण यांच्या भावात कित्येक पटींचा फरक. खेळाडू तोच, फोटो तोच, शाईही तीच.

खरसुंडीला दोघांच्या हातांवर टॉवेल पडायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरायचा. बाजूच्याला पत्ता नाही. इथे भाव झाकायची सोयच नाही, गेल्या आठवड्यात कितीला विकलं ते प्रत्येकाच्या फोनवर दिसतं. माझं कार्ड नव्वद डॉलरचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. मग घासाघीस कशाची? त्या भावाच्या किती टक्के मिळणार, त्याची. तो म्हणाला, रोख हवे तर साठ, अदलाबदल केलीस तर पंच्याहत्तर धरतो.

पंधरा डॉलर वर मिळतात म्हणून मी खूश. त्याच्या टेबलावरचं पंच्याहत्तरची चिठ्ठी लावलेलं एका तरुण बास्केटबॉलपटूचं कार्ड घेतलं. पोराला तो आवडतो. पार्किंगमध्ये येऊन फोनवर बघितलं तर तेच कार्ड सगळीकडे पंचावन्नला जात होतं. साठ रोख घेतले असते तर बरं झालं असतं. त्याने माझ्या कार्डाचा भाव वाढवला होता, त्याच्या कार्डाचा बघायचा मी विसरलो. त्याने फसवलं म्हणता येत नाही, फोन माझ्याही खिशात होता. टॉवेल इथेही असतो, तो अदलाबदलीवर पडतो.

रात्री आबांना सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. “कॅमेऱ्याजवळ धर बघू,” म्हणाले. धरलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ निरखलं.

“डावी कड जाड हाय,” आबा म्हणाले.

पट्टी लावून बघितलं. आहे.