सातबाऱ्यावरचं तिसरं नाव

गावातले तंटे गावातच कसे मिटतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी समित्या झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या अशाच एका समितीच्या बैठकांना मी बसत असे. ही बैठक मात्र थेट बांधावर भरली होती.

वाद शेतरस्त्याचा. मागच्या शेतातला ऊस तोडणीला आलेला, टोळी गावात उतरलेली, आणि पुढच्या शेतातल्या दोघा भावांनी वहिवाटीच्या वाटेत जेसीबीने आडवा चर मारलेला. तहसीलदारांनी रस्ता खुला करायचा आदेश दिला होता, पण भावांनी वर दाद मागितली आणि प्रकरण लोंबकळत राहिलं. ऊस मात्र थांबत नाही. वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो.

समितीचे अध्यक्ष ऊसवाल्याचे सख्खे मामा आणि चर मारणाऱ्या थोरल्याचे साडू. मध्यस्थ परका आणि तटस्थ हवा, असं आम्हाला शिकवलं जातं. पॉल वेर आणि जॉन पॉल लेडरॅक या मध्यस्थीच्या अभ्यासकांनी 1991 मध्ये मध्य अमेरिकेतल्या अनुभवावरून वेगळं मांडलं: काही समाजांत आतला, दोन्हीकडे नाती असलेला माणूसच मध्यस्थ म्हणून चालतो, कारण तडजोडीनंतरही त्याला तिथेच राहायचं असतं. मला ते पटतं, आणि त्या बांधावर ते दिसलं.

मामा चरात उतरले. माती गुडघ्याच्या वर येत होती. तिथूनच म्हणाले, "ऊस कुणाचा वाळतोय? भाच्याचा. चर कुणी मारला? साडूनं. आन् मान कुणाची खाली जाती? माझी! मी जाऊ कुठं आता?"

थोरला काही बोलला नाही. धाकट्यानेच विषय काढला: आमची पाइपलाइन यांच्या शेतातून जाऊ देत नाहीत, त्याचं काय? मग गाडी रुळावर आली. हद्दीला धरून ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल एवढा रस्ता, बदल्यात पाइपलाइन. मसुदा तिथेच लिहून झाला.

सह्यांच्या वेळी तलाठ्यांनी सातबारा काढला. नावं तीन. दोन भाऊ आणि शेजारच्या गावात दिलेली बहीण. "तिची सही आम्ही आणतो की नंतर," थोरला म्हणाला. तलाठी ऐकेनात. फोन गेला, आणि दुपारी त्या बहीणबाई आपल्या मुलाच्या गाडीवर बसून आल्या.

बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. त्यांनी उभ्यानेच कागद घेतला, सावकाश शेवटपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: 'सदर जमिनीबाबत यापुढे कोणाचाही हक्क अथवा तक्रार राहणार नाही.'

"रस्त्याला माझी ना नाही, दादा. पण ही ओळ खोडा. हक्कसोड मी दिलेली नाही." पुढे म्हणाल्या, "आन् रस्ता सातबाऱ्यावर इतर हक्कात चढवा. कागद तुमच्या कपाटात राहिला तर आपली पोरं परत भांडत्याल."

लिहिणाऱ्याने ती ओळ सवयीने घातली असेल. पण अशाच सवयीच्या ओळींनी बायकांच्या जमिनी जातात. आणि रस्त्याची नोंद करायची सूचना, जी या तडजोडीतली सगळ्यात टिकाऊ गोष्ट, तीही त्यांच्याचकडून आली. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावर बऱ्याच भागांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. तिथल्या यादवीत शस्त्रं खाली ठेवायला लावण्यात बायकांचा मोठा वाटा होता, आणि 2001 मध्ये शांतता करार झाला. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, पण तंटा मिटवायला बसताना तिला बोलावणं जात नाही.

ओळ खोडली गेली. खोडलेल्या जागी तिघांच्या सह्या झाल्या, नोंदीचा अर्ज तलाठ्यांनी तिथेच लिहून घेतला, आणि संध्याकाळच्या आत जेसीबीने चर बुजवला.

आता कोणत्याही तडजोडीची नोंद अभ्यासायला घेतली की मी आधी त्या जमिनीचा सातबारा काढते आणि बैठकीला कुणाला बोलावलं नव्हतं, त्यांची यादी करते.