गाण्यात बोलतंय कोण?

रविवार, रात्री

भुसावळला मे महिन्यात रात्री लिहायला बसायचं म्हणजे वहीवर घामाचे ठिपके पडणारच. दिवसा पारा ४५ च्या आसपास, आणि कूलर नुसता दमट वारा फेकतोय. ताई, दाजी आणि भाचा शिरपूरहून आलेत. जेवणं झाल्यावर दाजींनी खिशातून वहीचं एक फाडलेलं पान काढलं. भाच्याने त्यावर एक इंग्रजी गाणं उतरवून घेतलं होतं.

"जरा वाचून सांगा बरं, हे नशेचं गाणं आहे ना? पोरगं दिवसरात्र हेच लावून बसतं."

विचारता विचारता डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळणं चालूच होतं. मळून झालं, दोन थापा मारल्या, चिमूट ओठाखाली गेली आणि दाजी माझ्या तोंडाकडे बघत बसले.

गाणं मेटालिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचं, 'मास्टर ऑफ पपेट्स', म्हणजे कठपुतळ्यांचा मालक. मार्च १९८६ मधलं, म्हणजे भाच्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत ते वाजलं आणि या पिढीच्या मोबाइलमध्ये शिरलं. मी म्हटलं, हो दाजी, नशेचंच आहे. "म्हणजे नशा करा म्हणतं?" नाही. "म्हणजे नका करू म्हणतं?" तसंही सरळ म्हणत नाही. दाजी वैतागले. "मग म्हणतं तरी काय?"

तेवढ्यात लाइट गेली आणि विषय धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, अंथरुणं नेण्याकडे वळला. बरंच झालं. तोंडी मला ते नीट सांगता आलं नसतं.

दाजींचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो गाण्याच्या दारावरच अडतो. बाजूने की विरोधात, हे ठरवण्याआधी गाण्यात बोलतंय कोण ते बघायला हवं. या गाण्यात 'मी' म्हणून बोलणारा माणूस नशा करणारा नाही. नशाच बोलते आहे. मी तुझ्या नाशाचं मूळ आहे, मला चाखून बघ, आणखी हवं एवढंच तुला वाटेल, मी तुला कशी मारते आहे ते बघ, असं ती उघड उघड सांगते. काही लपवत नाही. आरशावर नाश्ता चिरून घे, अशी एक ओळ आहे. त्या ओळीवरून नशा कोणती तेही कळतं. कोकेनची पूड आरशावर पात्याने बारीक करून तिच्या रेघा ओढतात. ती पूड हाच आता नाश्ता.

साडेआठ मिनिटांच्या या गाण्यात साडेतीन मिनिटं झाल्यावर सगळा गदारोळ थांबतो. गिटार मऊ होते आणि तिथे पहिल्यांदा माणसाला तोंड फुटतं. मालक, मी ज्या स्वप्नांच्या मागे आलो ती कुठे आहेत? तू तर नुसत्या थापा दिल्यास. मग पुन्हा ती दणदणीत लय येते आणि नशा परत बोलायला लागते, आधीपेक्षा जास्त हक्काने. माणसाची तक्रार कोणी ऐकून घेत नाही. शेवटी उरतं ते फक्त हसणं. गाणं त्या हसण्यावरच संपतं.

वाजवण्यातही तेच आहे. मी कॉलेजात असताना हे बसवायचा नाद घेतला होता, म्हणून मनगटाला ठाऊक आहे. त्यातला मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, पूर्ण वेगात, पण सगळे फटके वरून खाली मारायचे असतात. वर-खाली असा हात चालवला तर अर्धी मेहनत वाचते, पण मग तो हुकमी आवाज येत नाही. मिनिटभरात हात दगड होतो. मालकाची चाकरी कशी असते ते वाजवणाऱ्याच्या हाताला आधी कळतं.

आणि गंमत बघा, त्यांच्या मैफलीत हजारो पोरं मुठी वर करून "मास्टर! मास्टर!" ओरडतात. गाण्यात ती हाक कोणाची आहे याचा विचार कोणी करत नसावं.

मंगळवार

आज जिभाऊंची आठवण निघाली. निघणारच होती. माझे थोरले चुलत भाऊ. रावेर-सावद्याची केळी भरून दिल्लीपर्यंत ट्रक न्यायचे. रस्त्याची सगळी माहिती तोंडपाठ, कुठल्या ढाब्यावर डाळ चांगली, कुठल्या घाटात ब्रेक जपायचे. आणि दारू.

वहिनी दळणासाठी दादर ज्वारी काढायला कोठीत हात घालायच्या आणि दाण्यांमध्ये क्वार्टर लागायची. एकदा मी तिथेच होतो. बाटली वर आली तेव्हा तिला ज्वारीचा भुसा चिकटलेला होता आणि झाकण अगदी स्वच्छ पुसलेलं होतं. रोज उघडणाऱ्या हाताने पुसलेलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, बाटली बाजूला ठेवली आणि दादर मापू लागल्या.

जिभाऊंना कोणी समजावायला गेलं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "माले सर्व मालूम शे. सकायपाईन बंद." मला सगळं माहीत आहे, उद्यापासून बंद. आणि खरंच सगळं मालूम होतं. यकृत कसं सुजतं, डोळे पिवळे का होतात, हे ते स्वतःच्या क्लीनरला समजावून सांगायचे, अगदी कळकळीने. तो पोरगा त्यांच्यामुळे दारूच्या वाटेला गेला नाही असं त्याची आई सांगते. जिभाऊ मात्र गेले. कळतं पण वळत नाही, हे लोक सहज बोलून जातात. त्या माणसाच्या शेजारी बसून ते बघायचं म्हणजे काय, हे वेगळं.

आपल्याकडे दारूविरोधी जे काही चालतं त्याचा रोख बहुतेक बाहेरून असतो. पथनाट्यात दारुड्या झोकांड्या खातो, लोक हसतात, शेवटी सरपंच हार घालतो. दुकान बंद करायचं तर गावात मतदान होतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडवी केली की दुकान गेलं. हे मला मनापासून आवडतं, कारण त्यात उपदेश नाही, हिशेब आहे. पण कोठीतल्या बाटलीशी माणसाचं जे एकट्याचं बोलणं चालतं, तिथपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. तिथे पोचतात ती ही गाणी. मला ती आवडण्याचं कारण तेवढंच.

(सातपुड्याकडची माझी मित्रमंडळी इथे मला थांबवतील. पावरा-भिल्लांकडे मोहाची दारू देवाला चढते, इंदलच्या पूजेला लागते, लग्नात लागते. ती गोष्ट निराळी आणि तिच्यात शहरी शहाणपण घुसवायचं कारण नाही. कोठीत लपवलेली क्वार्टर देवाची नसते.)

गुरुवार

भाच्याला आता चेव आलाय. तो एकेक गाणं आणतो आणि अर्थ विचारतो. आज मी त्याला गायक नील यंगचं 'द नीडल अँड द डॅमेज डन' ऐकवलं, हेरॉइनच्या सुईवरचं. गिटार आणि आवाज, बस्स, दोन मिनिटांच्या आसपासचं गाणं. पुष्कळ लोक सांगतात की त्याचा साथीदार डॅनी व्हिटन गेला म्हणून त्याने हे लिहिलं. तारखा बघा. हे गाणं 'हार्वेस्ट' या अल्बमवर फेब्रुवारी १९७२ मध्ये आलं आणि त्याचं ध्वनिमुद्रण त्याहून जुनं, जानेवारी १९७१ मधल्या मैफलीतलं. व्हिटन गेला नोव्हेंबर १९७२ मध्ये. नील यंगने त्याला तालमीतून घरी परत पाठवलं होतं आणि तो लगेचच गेला. म्हणजे विलाप आधी लिहून झाला आणि मरण मागाहून आलं. मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मेटालिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड, त्याचंही काहीसं तसंच. 'मास्टर' आलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मालकाचा आवाज त्याने इतका अचूक काढला, आणि २००१ मध्ये स्वतः दारूसाठी उपचार घ्यायला दाखल झाला. २०१९ मध्ये पुन्हा. जिभाऊंसारखंच, सर्व मालूम शे.

ॲलिस इन चेन्स या बँडच्या 'डर्ट'बद्दल मात्र मी भाच्याशी जरा जपून बोललो. १९९२ चा अल्बम. त्यातल्या 'जंकहेड'मध्ये नशेकरी छाती काढून बोलतो, तुम्हा सरळमार्गी लोकांना माझी मजा काय कळणार असा त्याचा नूर. पुढे ऐकत गेलं की ती ऐट कशी गळते ते कळतं, पण त्यासाठी पुढे ऐकावं लागतं. गाणारा लेन स्टेली १९९६ मध्ये एका मुलाखतीत म्हणाला होता की चाहते येऊन अंगठा वर करतात आणि आम्हीही नशेत आहोत असं सांगतात, आणि मला नेमकं हेच नको होतं. तो एप्रिल २००२ मध्ये सिएटलच्या घरी एकटा गेला. वय चौतीस. मृतदेह सापडायला दोन आठवडे लागले.

मग या गाण्यांचा दोष नाही का? आहे. थोडा आहे. गाण्यात नशा बोलते तेव्हा तिचा आवाज गोड असावाच लागतो, नाहीतर ते खोटं वाटेल. आणि तो गोड असला की कोणीतरी भुलतोच. यातून सुटका मला तरी दिसत नाही. एरिक क्लॅप्टनचं 'कोकेन' घ्या. मूळ गाणं जे. जे. केलचं, १९७६ चं, आणि क्लॅप्टनने ते १९७७ मध्ये गाजवलं. तो म्हणतो गाणं नशेच्या विरोधात आहे. असेल. पण हजारो लोक खुशीत त्या पुडीचं नाव ओरडत असतील तर विरोध ऐकला कोणी? त्यालाही ते खटकलं असावं, कारण पुढे मैफलीत तो त्या शब्दाच्या आधी 'घाणेरडं' जोडून गाऊ लागला. गाण्याला असं ठिगळ लावावं लागतं तिथेच ते फसलं, असं माझं मत.

उलटीही खोड असते, सगळं काही नशेचंच म्हणून वाचायची. 'डर्ट'वरच 'डाउन इन अ होल' आहे. भाच्याने ठामपणे सांगितलं, मामा हे हेरॉइनचं. नाही रे बाबा. ते बँडचा गिटारवादक जेरी कँट्रेल याने आपल्या प्रेयसीसाठी लिहिलं. स्टेलीच्या आवाजात ते आलं आणि पुढे जे घडलं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण खड्डा म्हटलं की सुईच बघतो. गाणाऱ्याचं मरण गाण्यावर मागून सावली टाकतं.

एक गोष्ट मनात राहून गेली म्हणून लिहून ठेवतो. मार्च १९८६ मध्ये 'मास्टर' आलं. तेव्हा मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली होती, तिला गर्द म्हणायचे. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचा पत्ताही नसेल. आपल्या भुसावळात तेव्हा गिटार वाजवणारा कोणी होता का, कोण जाणे. दारू पिणारे नक्की होते.

शनिवार

आज भाच्याशी खरं भांडण झालं, 'हर्ट'वरून.

मूळ गाणं नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनरचं, १९९४ चं. अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये ते गायलं. तेव्हा तो सत्तरीचा, आजारी, आणि तरुणपणी गोळ्यांच्या व्यसनातून गेलेला. शब्द जवळजवळ तेच. एका ठिकाणी रेझनरने मुकुटाला विष्ठेचा म्हटलं होतं, कॅशने तो काट्यांचा केला. एवढ्याने बोलणारा माणूस बदलला. रेझनरच्या तोंडी तो तिशीच्या आतला पोरगा आहे, स्वतःला टोचून बघतोय की अजून काही जाणवतं का. कॅशच्या तोंडी तो म्हातारा आहे, मागचं सगळं मोजून झालेला. रेझनर स्वतः म्हणाला होता की आता ते गाणं माझं राहिलं नाही.

भाचा म्हणतो, "मामा, म्हाताऱ्याचंच भारी आहे. अंगावर काटा येतो."

काटा मलाही येतो. पण मी मूळ गाण्याच्या बाजूचा. कॅशचं ऐकताना आपल्याला माहीत असतं की हा माणूस सत्तरीपर्यंत पोचला. ऐकणारा सुरक्षित असतो, रडून मोकळा होतो. रेझनरच्या गाण्यात पोरगा वाचणार की नाही हे गाण्यालाच ठाऊक नाही. शेवटी गिटारचा एक कर्कश धक्का येतो आणि नंतर कितीतरी वेळ नुसती घरघर चालू राहते.

"ती घरघर? ती तर मी कापतो," भाचा म्हणाला. "तेवढ्यात पुढचं गाणं लावतो."

मी म्हटलं, कापायची नाही. ती पूर्ण ऐक, मग बोल कोणतं भारी.

"मामा, तुम्ही कूलरच्या आवाजाचाही अर्थ लावाल."

ताई आतून हसली. दाजी म्हणाले, "तुमचं काय ते एकदा ठरवा आणि मला सांगा, हे याला ऐकू द्यायचं की नाही." मी म्हटलं ऐकू द्या, पण त्याच्यासोबत तुम्हीही ऐका. दाजींना ते पटलेलं दिसलं नाही. भाच्याला तर अजिबातच नाही.