चेहरा न दाखवणारी माणसं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज पुन्हा डेट्रॉइटमध्ये ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर ३००० क्रमांकाच्या इमारतीसमोर गाडी थांबवली. 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या टेक्नो संगीताच्या गटाचं घर. टेक्नो म्हणजे यंत्रांवर बनवलेलं नाचाचं संगीत, याच शहरात जन्मलेलं. आत टेक्नोचं छोटंसं संग्रहालय, तळघरात रेकॉर्डचं दुकान. आधी वेळ घेतल्याशिवाय जाता येत नाही. नुसताच बाहेर उभा राहिलो.

गाड्यांच्या धंद्यापायी आपली कितीतरी मराठी मंडळी इकडे आली, पण राहतो बहुतेक सगळे एट माइल रोडच्या उत्तरेला, उपनगरांत. आठ वर्षं मी 'डेट्रॉइटला असतो' असं सांगत आलो आणि शहर पाहिलंच नाही. १९५० साली साडेअठरा लाखांचं गाव, २०१० मध्ये सव्वासात लाखांच्याही आत. कारखाने गेले, गोरी माणसं गेली. मागे राहिलेल्यांतल्या माइक बँक्स आणि जेफ मिल्सनी हा गट उभा केला. रॉबर्ट हूड लवकरच त्यांना मिळाला. तोंडावर काळे मुखवटे, फोटो नाही, मोठ्या कंपनीशी करार नाही. तबकडीवर गाणं संपतं तिथल्या रिकाम्या कडेला मात्र कोरलेला निरोप असायचा. तबकडी हातात घेऊन उजेडात तिरकी धरणाऱ्यालाच तो दिसणार. हे मला फार आवडतं.

लोक याला गूढ म्हणतात. मला त्यात गूढ वाटत नाही. काळ्या कलावंताचा चेहरा विकून इतरांनी किती कमावलं, हे त्या शहराला पुरतं माहीत होतं. चेहराच दिला नाही, तर विकणार काय?

१९९९ साली याच गटातल्या डीजे रोलांडोची 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' ही धून आली. जर्मनीतल्या सोनीने परवानगी न घेता तिची हुबेहूब नक्कल बनवली. जगभरच्या चाहत्यांनी निषेधाची पत्रं पाठवली आणि सोनीला माघार घ्यावी लागली. ज्यांचे चेहरेही कधी पाहिले नव्हते, त्यांच्यासाठी एवढी माणसं उभी राहिली! बर्लिनच्या 'ट्रेझोर' या टेक्नो क्लबच्या रेकॉर्ड कंपनीचं पहिलं रेकॉर्डही याच मंडळींचं, एक्स-१०१ या नावाने, १९९१ मधलं. तरी ऑफिसात अजून ऐकतो, टेक्नो जर्मनांचं. आता मी गप्प बसत नाही.

परतताना गाडीत तीच जॅग्वार लावली. लेकीने विचारलं, "बाबा, हे दिसतात कसे?" माहीत नाही म्हटलं. तिने आवाज वाढवला.

सोमवारी फोन करून दोघांसाठी वेळ घेतो.