खुन्याला इमाम कशाला?

तुरुंगातील बंद्यांचे धर्मस्वातंत्र्य हा विषय मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, हे कळले की लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत एकच प्रश्न पुढे येतो : ज्याला दुसऱ्याचा जीव घेताना देव आठवला नाही, त्याला सरकारने धर्मगुरू कशाला पुरवायचा? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आणि अमेरिकेतील खटल्यांच्या आधारे लिहितो, कारण तेथे हा प्रश्न थेट मृत्युदंडाच्या खोलीच्या दारापर्यंत गेला.

डॉमिनिक रे हा अलाबामातील बंदी. 15 वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल त्याला मृत्युदंड झाला होता आणि त्याच्याविषयी तुम्हाला कणव वाटावी, असा माझा आग्रह नाही. तुरुंगात त्याने इस्लाम स्वीकारला होता. तेथील पद्धत अशी, की शिक्षा अमलात येताना सरकारी नोकरीतील ख्रिस्ती धर्मगुरू खोलीत हजर असे आणि बंद्याची इच्छा असल्यास शेजारी गुडघे टेकून त्याच्याबरोबर प्रार्थना करी. रेने त्या जागी आपला इमाम मागितला. 23 जानेवारी 2019 रोजी त्याला नकार मिळाला : खोलीत फक्त तुरुंग खात्याचा माणूस येईल, इमामाने काचेपलीकडे साक्षीदारांच्या खोलीत बसावे. ख्रिस्ती धर्मगुरूला बाहेर ठेवण्याची विनंती तेवढी मान्य झाली. रे 28 तारखेला न्यायालयात गेला, अपील न्यायालयाने स्थगिती दिली. पण 7 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती उठवली, कारण शिक्षेची तारीख नोव्हेंबरातच ठरली असताना तो फार उशिरा आला, असे बहुमताचे म्हणणे पडले. त्याच रात्री शिक्षा अमलात आली. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमतात दाखवून दिले, की कायद्याच्या शब्दांवरून इमामाला मनाई आहे असे कोणालाही वाटले नसते आणि तुरुंगाने स्वतःच्या कार्यपद्धतीची प्रत रेला देण्याचेही नाकारले होते. नियम दाखवायचे नाहीत आणि वर उशीर झाला म्हणायचे, याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

या प्रकरणात सरकारला काहीही पुरवायचे नव्हते, हे लक्षात घ्या. इमाम स्वतःहून आला होता. बाहेरचा माणूस चालत देवळात किंवा मशिदीत जातो. बंद्याला ते शक्य नाही, कारण दाराची किल्ली सरकारकडे असते. ती किल्ली एकाच धर्मासाठी फिरू लागली, की शिक्षा केवळ गुन्ह्याची राहत नाही, धर्माचीही होते.

यावर टेक्सासने जो तोडगा काढला, तो मला अधिक खटकतो. मार्च 2019 मध्ये तेथील एका बौद्ध बंद्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने अशाच कारणावरून थांबवली, तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी सुचवले, की एकतर सर्वांच्या धर्मगुरूंना आत घ्या किंवा कोणालाच घेऊ नका. टेक्सासने काही दिवसांतच सर्वांना बाहेर काढले. समानता साधली खरी, पण कोणालाच न जेवू घालून साधलेल्या पंक्तिसमतेसारखी. पुढे दार पुन्हा उघडले, तर पाद्र्याने बंद्याला स्पर्श करू नये आणि मोठ्याने प्रार्थना म्हणू नये, अशी अट आली. जॉन रामिरेझ याने तिला आव्हान दिले. सव्वा डॉलरच्या लुटीत एका दुकानातील कामगाराला त्याने भोसकून मारले होते, म्हणजे सहानुभूतीला येथेही फारशी जागा नाही. तरीही 24 मार्च 2022 रोजी न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मताने त्याच्या बाजूने कौल दिला. 2000 सालच्या कायद्यानुसार, बंद्याच्या धर्माचरणावर मोठे बंधन घालायचे तर त्यामागे अत्यंत सबळ कारण आहे आणि त्याहून सौम्य उपाय नाही, हे सरकारने सिद्ध करावे लागते. टेक्सासने सुरक्षेचे कारण दिले. पण त्याच खोलीत टेक्सासचेच धर्मगुरू वर्षानुवर्षे बंद्याला हात लावून प्रार्थना म्हणत आले होते. 5 ऑक्टोबर 2022 रोजी रामिरेझची शिक्षा अमलात आली, तेव्हा पाद्र्याचा हात त्याच्या छातीवर होता. सुरक्षेला काही बाधा आली नाही.

आपल्याकडे बंद्याचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशी संपत नाहीत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयातील सुनील बत्रा खटल्यात 1978 मध्येच ठरले आहे, आणि धर्मस्वातंत्र्य देणारा संविधानाचा अनुच्छेद 25 बंद्यांना वगळत नाही. धर्मविचाराला आपल्या तुरुंगांत जागा नव्हती असेही नाही : 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, 1994 मध्ये तिहारमध्ये हजारावर बंद्यांचे विपश्यना शिबिर झाले. पण हे सामुदायिक उपक्रम. आख्ख्या बराकीत आपल्या धर्माचा एकटाच असलेल्या कच्च्या कैद्याचे काय? बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांतील 65 वा नियम सांगतो, की कोणत्याही बंद्याला त्याच्या धर्माच्या प्रतिनिधीची भेट नाकारू नये, आणि त्याला भेट नको असेल तर त्या नकाराचाही पूर्ण मान राखावा. आपल्याकडे असा अर्ज आला, तर अधीक्षकाने ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा आणि नकार असल्यास कारण लेखी कळवावे, एवढी तरतूद प्रत्येक राज्याच्या नियमावलीत असावी, असे माझे मत आहे. त्यासाठी फार तर एक कागद आणि एक सही लागेल.