तीन शिफ्टला चार माणसं

वॉर्ड इन्चार्ज झाले तेव्हा मॅनेजमेंट नावाचं काही कुणी मला शिकवलेलं नव्हतं. काम चोख आहे, नाइटला कुरकुर करत नाही, सीनियर आहे, मग द्या हिला वॉर्ड, एवढाच हिशेब. दुसऱ्या दिवसापासून हातात ड्युटी रोस्टर, इंडेंट बुक म्हणजे सामानाच्या मागणीची वही, चादरी-कपड्यांची मोजदाद, तक्रारवही आणि सगळ्यांचे रुसवेफुगवे. काही वर्षं हे रेटल्यावर पदव्युत्तर अभ्यासाचं मनावर घेतलं. बढतीचा विचार होताच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग होता. स्टाफ कमी पडतोय म्हणून मीटिंगमध्ये बोलायला उभी राहिले की 'सिस्टर, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो' हे ऐकून कान किटले होते. मी भावना सांगतच नव्हते. मी माणसं मोजून सांगत होते, फक्त ते कागदावर कसं मांडतात हे मला येत नव्हतं.

कोर्स निवडण्यात बराच वेळ गेला, कारण नावं सारखीच वाटतात. शिकवण्याकडे वळायचं असेल तर एमएससी नर्सिंग बरं, त्यात प्रशासनाचाही भाग असतो. पब्लिक हेल्थवाले अख्ख्या लोकसंख्येचा विचार करतात, हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनवाले इमारतीच्या आतला, आणि हेल्थकेअरमधलं एमबीए पैसा आणि बाजार यांच्याकडे झुकतं. मी नावं बाजूला ठेवून अभ्यासक्रमाचे तक्ते समोर घेतले. कॉस्टिंग, ऑपरेशन्स (शस्त्रक्रिया नव्हे, रोजचं कामकाज चालवण्याचं शास्त्र) आणि स्टॅटिस्टिक्स यांना किती क्रेडिट आहेत, प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये प्रोजेक्ट सक्तीचा आहे का, शिकवणाऱ्यांपैकी कुणी कधी हॉस्पिटल चालवलंय का, एवढंच पाहिलं. 'लीडरशिप' हा शब्द प्रत्येक सेमिस्टरला भेटणारे कोर्स मी सरळ वगळले. अर्जासोबतच्या उद्देशपत्राबद्दल एकच सांगते, त्यात सेवाभाव लिहू नका. तो सगळेच लिहितात. तुमच्या वॉर्डातली एक अडचण घ्या, ती कुठे अडते ते दहा ओळींत लिहा. मी डिस्चार्जबद्दल लिहिलं होतं आणि मुलाखत सगळी त्याच्यावरच झाली.

पूर्ण पगारी अभ्यासरजा मिळणार नव्हतीच. वर्ग शनिवार-रविवारी, आणि रोस्टर करणारी मीच. 'स्वतःच रोस्टर बनवते आणि स्वतःच शनिवार घेते' हे कानावर यायला वेळ लागला नाही, आणि बोलणाऱ्यांचं काही चुकतही नव्हतं. शेवटी मेट्रनना सांगून रोस्टर माझ्या खालच्या सिस्टरकडे सोपवलं आणि बदल्यात नाइट्स वाढवून घेतल्या. दमछाक झाली, पण वॉर्डातलं वातावरण बिघडलं नाही. नोकरी करून शिकणाऱ्या इन्चार्जने हे आधी मिटवावं, फीचं नंतर बघावं.

पहिल्या सेमिस्टरला वर्गातल्या निम्म्या लोकांना आकड्यांची धास्ती. फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, लॅब टेक्नॉलॉजिस्ट, डेंटिस्ट आणि आम्ही काही नर्सेस. गणित सुटून सगळ्यांनाच जमाना झालेला. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी सुरुवात केली फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी 1858 साली वर्तुळात पाकळ्यांसारखे विभाग काढून दाखवलं होतं, महिन्याला एक पाकळी. दिवे लावून शपथ घेताना आम्ही सगळ्यांनी त्यांचं नाव घेतलेलं, पण ती आकृती आम्हाला नर्सिंग स्कूलमध्ये कुणी दाखवली नव्हती. दिवा लक्षात राहिला, तक्ते राहिले बाजूला. मला याचा अजूनही राग येतो.

मग आलं मनुष्यबळाचं गणित, आणि माझ्यासाठी तिथेच फी वसूल झाली. एका जागेवर चोवीस तास एक नर्स हवी असेल तर किती नर्सेस नेमायच्या? तीन शिफ्ट म्हणून तीन, हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. आता मोजा. वर्षाच्या 365 दिवसांना तीन शिफ्ट म्हणजे 1095 ड्युट्या. एका नर्सचे 365 मधून 52 वीकली ऑफ गेले. रजा, सणासुट्ट्या, आजारपण आणि ट्रेनिंग मिळून आणखी 40 धरले, तर उरतात 273. आता 1095 भागिले 273, उत्तर चार. म्हणजे तीन नेमले की चौथ्या माणसाचं काम रोज कुणीतरी डबल ड्युटी करून ओढतंय. वॉर्डातल्या प्रत्येकीला हे अंगावर माहीत असतं, पण भागाकार केलेला नसतो.

हाच तक्ता मी पुढच्या मीटिंगला नेला. सोबत नर्सिंगमधल्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा 2002 सालचा अभ्यास. पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांमधले शस्त्रक्रियेचे पेशंट त्यांनी पाहिले. एका नर्सकडे एक पेशंट जास्त आला की 30 दिवसांत मृत्यूचे ऑड्स, म्हणजे मेलेल्यांचं वाचलेल्यांशी गुणोत्तर, 7 टक्क्यांनी वाढलेले दिसले. सरांनी बजावून पाठवलं होतं, ऑड्स म्हणजे मृत्युदर नव्हे, आणि हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. असं बोललीस तरच समोरचा तुला खोडू शकणार नाही. मीटिंगमध्ये अकाउंट्सच्या साहेबांनी विचारलं, 'हे 40 दिवस कुठून आणले?' मी हजेरीपट पुढे सरकवला. जागा लगेच मंजूर झाल्या असं नाही, निम्म्यावर बोळवण झाली. पण वाद आकड्यावर झाला, यात मला फार समाधान वाटलं.

मटेरियल मॅनेजमेंटचा एक तास तर मी विसरणार नाही. औषधसाठ्याच्या दोन याद्या करायच्या होत्या. एबीसी यादी खर्चावर चालते, साधारण दहा टक्के वस्तू सत्तर टक्के पैसा खातात, त्या ए; मधल्या बी, अगदी कमी पैसा खाणाऱ्या सी. व्हीईडी यादी गरजेवर चालते, म्हणजे व्हायटल (जीवनावश्यक), इसेन्शियल (गरजेच्या), डिझायरेबल (असल्या तर बऱ्या). माझ्या गटातल्या फार्मासिस्टने अ‍ॅड्रेनालिनचं अँप्यूल सीमध्ये टाकलं आणि 'सीवर लक्ष नाही ठेवलं तरी चालतं' म्हणत पुढच्या ओळीवर गेला. मी आणि आयसीयूची एक सिस्टर, दोघी एकदम ओरडलो. किंमत नगण्य म्हणून ते सीमध्ये, हे त्याचं बरोबरच होतं; पण हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठी धावत न्यायच्या क्रॅश कार्टमध्ये ते नसलं तर? व्हीईडीत ते अगदी वर. मग दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवून नऊ खाने केले, स्वस्त पण जीवनावश्यक वस्तूंचा खाना वेगळा काढला आणि ठरवलं की याचा साठा भरपूर ठेवायचा, पैसा अडकतच नाही. त्याला पहिली यादी पाठ होती, आम्हाला दुसरी. नर्स आणि फार्मसीची इंडेंटवरून रोज जी वादावादी चालते, तिचं मूळ मला त्या तासाला दिसलं.

सगळंच असं नव्हतं. व्हिजन-मिशन, स्वॉट, ब्रँडिंग या पेपरांत पानं भरली आणि पास झाले, त्यापलीकडे काही हाती लागलं नाही. क्वालिटीमध्ये आरोग्यसेवेचा दर्जा कसा मोजायचा यावर लिहिणाऱ्या डोनाबेडियन यांची 1966 सालची विभागणी मात्र रोज वापरते. साधनं काय आहेत, काम कसं होतं, पेशंटचं पुढे काय झालं, हे तीन वेगवेगळे प्रश्न. इन्स्पेक्शनला येणारे बहुतेक पहिल्यावरच थांबतात, कारण खाटा आणि सिलिंडर मोजायला सोपे.

प्रबंधासाठी बहुतेकांनी समाधानाची प्रश्नावली निवडली. वाटा, गोळा करा, टक्केवारी काढा, सुटलो. मला डिस्चार्जच हवा होता, कारण ऑपरेशन्समध्ये आम्ही लिटलचा नियम शिकलो होतो. जॉन लिटल यांनी तो 1961 साली सिद्ध केला. आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले मुक्काम. रोज 12 पेशंट दाखल होतात आणि सरासरी पाच दिवस राहतात, तर 60 खाटा भरलेल्या राहणार. मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी झाला तर 54. सहा खाटा मोकळ्या, एकही न विकत घेता.

पेशंटचं नाव नको होतं, नुसत्या वेळा टिपायच्या होत्या, तरी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि प्रशासनाचं लेखी पत्र लागलंच. विषय नक्की करण्याआधी हे पत्र हातात घ्या. तोंडी होकार ऐनवेळी विरघळतो. मग रकाने आखले. राउंडला डॉक्टर 'सोडा' म्हणाले ती वेळ, डिस्चार्ज समरी तयार, उरलेली औषधं फार्मसीत परत, फायनल बिल, इन्शुरन्सची मंजुरी, पेशंट बाहेर, खाट धुऊन तयार. सुरुवातीला मी कागद घेऊन दिसले की सगळे धावायचे. पाहणारा दिसला की माणूस वेगळा वागतो, हे पुस्तकात वाचलं होतं. म्हणून लोक मला कंटाळेपर्यंत नुसत्याच नोंदी केल्या आणि त्या हिशेबात धरल्या नाहीत. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे वेळा क्रमाने लावून बरोबर मधली, घेतला, नाहीतर नातेवाइकांची वाट पाहत रात्रीपर्यंत थांबलेला एखादाच पेशंट अख्खा आकडा ओढून नेतो.

सगळ्यांची पैज बिलिंगवर होती. निघालं भलतंच. प्रत्यक्ष कामाला लागणारा वेळ थोडा, बाकी सगळं थांबणं. नर्सिंग स्टेशनवरच्या ट्रेमध्ये पूर्ण झालेली फाइल पडून राहायची, कारण खाली जाणारा अटेंडंट चार-पाच फायली जमल्या की एकदम न्यायचा. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, जिने कोण चढउतार करणार? ज्युनियर डॉक्टर समरी लिहायला बसायचे ते राउंड, ड्रेसिंग, ओपीडी सगळं उरकल्यावर. उपाय अगदी साधा निघाला. उद्या सुटण्याची शक्यता असलेल्यांची यादी आदल्या संध्याकाळी, समरीचा मसुदा आणि औषधांची परतफेड त्याच वेळी, फाइल झाली की लगेच खाली.

व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, 'हॉस्पिटलचे किती पैसे वाचले?' मी म्हटलं, फारसे नाहीत. पगार, इमारत, मशीनचा घसारा, सगळा खर्च स्थिर; पेशंट चार तास आधी गेला म्हणून तो घटत नाही. शिवाय शेवटचा दिवस सगळ्यात स्वस्त असतो, तपासण्या आणि औषधं बहुतेक आधीच झालेली असतात. मोकळी खाट कुणाला मिळाली तरच फायदा. 'मग मिळाली का?' हा दुसरा प्रश्न. तो रकाना माझ्या तक्त्यात नव्हता, परवानगी वॉर्डापुरती होती. तसं सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि प्रबंध मंजूर झाला.

तो रकाना आता आमच्या इमर्जन्सीच्या इन्चार्जने घेतलाय. ती सध्या त्याच कोर्सला आहे. ट्रॉलीवरचा पेशंट खाटेसाठी किती थांबतो, हे तिला मोजायचंय. घड्याळ कुठून सुरू करायचं यावर आमचा वाद चालू आहे. मी म्हणते, अ‍ॅडमिशनचा निर्णय फाइलवर लिहिला ती वेळ धर. ती म्हणते, वर खाट असल्याचा फोन आल्याशिवाय तो निर्णय कुणी लिहीतच नाही.