ॲक्रिलिकची टाकी आणि बाबांची स्टीलची पट्टी

गेल्या वर्षी मे महिन्यात आमची काचेची दोन फुटी टाकी रात्री दोनच्या सुमारास फुटली. आवाज फारसा झालाच नाही, कपाटाचं दार लागावं तसा एक 'टक'. तळाच्या काचेला आरपार तिरका तडा. दोष टाकीचा नव्हता. स्टँडचा एक पाय जरा बुटका होता आणि टाकीखाली थर्माकोलची शीट घालायचा मीच कंटाळा केला होता. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत सांडलेलं पाणी वरच्या मजल्यावर थांबत नाही. अडीच वाजता खालच्या काकू गाऊनवर दारात उभ्या, हातात उघडी छत्री. "काय गं, आमच्याकडे पाऊस सुरू झालाय, तुमच्याकडे?"

मासे बादलीत घातले आणि सकाळी वर्तकनगरला मैत्रिणीकडे पोचवले. "पंधरा दिवस सांभाळ," म्हटलं. ते पंधरा दिवस पुढे आठ महिने चालले.

मला आता काच नको होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि मनात हवी होती त्या मापाची 10 मिलिमीटर जाडीची काचेची टाकी रिकामीच तीस किलोच्या वर भरली असती. ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, काचेच्या निम्म्याहून हलकं. शिवाय मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 2015 मध्ये नव्यानं उघडलं तेव्हा तिथला ॲक्रिलिकचा बोगदा बघून आले होते, तो डोक्यात बसला होता. डोक्यावरून मासा जातोय आणि मी मात्र माशाऐवजी सांधा कुठे आहे ते शोधत होते.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण जाडी मोजायचा व्हर्नियर आणि काटकोन तपासायचा गुण्या अजून त्यांच्या कपाटात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले. मी बेत सांगितला. त्यांनी विचारलं, "चिकटवायचं कशानं? सिलिकॉननं?"

हीच पहिली शिकवणी. काचेला घट्ट धरणारं सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही. ॲक्रिलिक खरं तर चिकटवत नाहीतच. पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट फटीत सोडायचं, ते दोन्ही कडा किंचित विरघळवतं, कडा एकमेकींत मिसळतात आणि सॉल्व्हंट उडून गेलं की मागे एकच तुकडा उरतो. फट भरून काढायला त्यात काहीच नसतं. कड जेवढी सरळ तेवढाच सांधा पक्का.

वागळे इस्टेटमध्ये साइनबोर्डवाल्यांना शीट देणाऱ्या दुकानात गेलो. बाबांनी दुकानदाराला विचारलं, "कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड?" हा फरक त्यांना आदल्या रात्री मीच सांगितला होता, पण विचारण्याचा रुबाब त्यांचा. कास्ट म्हणजे साच्यात ओतलेली शीट, एक्स्ट्रुडेड म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली. एक्स्ट्रुडेड स्वस्त पडते आणि जाडीला एकसारखी असते. पण कापताना ती वितळून पात्याला चिकटते आणि सॉल्व्हंट लागलं की लवकर तडकते. कास्टचा भुगा सुटा, कोरडा पडतो. आमची शीट नावाला 10 मिलिमीटर. बाबांनी तिथेच व्हर्नियर लावला, कुठे 9.4, कुठे 9.9. दुकानदार ओशाळला, बाबा खूष झाले. जाडी अशी कमीजास्त असणं ही कास्टचीच खूण.

माप ठरलं 75 बाय 40, उंची 45 सेंटिमीटर. तिथल्याच एकानं लेझरवर कापून देतो म्हटलं. कडा आरशासारख्या चकचकीत निघाल्या. मी तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढला. बाबा म्हणाले, "आधी उरलेले तुकडे चिकटवून बघू." चिकटवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सांध्याच्या कडेला केसांएवढ्या बारीक भेगांची जाळी उमटलेली. लेझरच्या उष्णतेनं कडेत ताण राहतो आणि सॉल्व्हंट तो ताण उघडा पाडतं. कापणाऱ्याला फोन केला तर "काही होत नाही ताई, आम्ही रोज चिकटवतो." तो रोज नावाच्या पाट्या चिकटवतो. त्यात शंभर लिटर पाणी भरत नाही.

मग ओळखीच्या सुतारांकडून राउटर, म्हणजे कडा छाटायचं यंत्र, फिरवून सगळ्या कडा तीन-तीन मिलिमीटर आत घेतल्या. वरची चौकट चार पट्ट्या जोडून न करता एकाच तुकड्यातून, मधे खिडकी कापून काढली, कारण भिंतींना बाहेर फुगू न देण्याचं काम ही चौकट करते. खिडकीचे आतले कोपरे गोलच ठेवायला सांगितले. चौकोनी कोपऱ्यातून ॲक्रिलिक चिरत जातं.

यानंतर बाबांची पट्टी बाहेर आली. सहा इंची, स्टीलची, आकडे झिजलेली. संध्याकाळी गॅलरीच्या दारात तुकडा उभा धरायचा, कडेवर पट्टी उभी ठेवायची आणि पलीकडून येणारा उजेड बघायचा. पट्टी आणि कड यांच्यात जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे कड खोलगट. मग लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर लावून घासायचं, पुन्हा उजेडाला धरायचं. कडेचे दोन्ही काठ गोल होऊ द्यायचे नाहीत, हे सगळ्यात कठीण. हात जरा कलला की काठ गोल होतो आणि सांध्यात पांढरी रेघ राहते. एकेका कडेला तासभर. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, आता चालेल की. नखाएवढंही दिसत नाहीये."

"उजेड दिसतोय ना? मग पाणीही दिसेल."

आठ दिवस आम्ही तेच केलं. यूट्यूबच्या व्हिडिओत हा भाग वीस सेकंदांत उरकतात.

आणि एवढं करून घाई मी केलीच. जुलैच्या एका रविवारी, बाहेर धो-धो पाऊस, मागची भिंत तळावर उभी करून सॉल्व्हंट सोडलं. पाच मिनिटांत सांधा दुधासारखा पांढरा. सॉल्व्हंट भराभर उडतं, त्यानं पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतला दमटपणा तिथेच धरतो. ठाण्याच्या जुलैत हवेत दमटपणाशिवाय असतं काय! असा पांढरा सांधा दुबळा राहतो. बाबा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. सुतारांकडे परत जाऊन तो सांधा कापून काढला. त्यापायी बाकीचे तुकडेही त्या मापाला आणावे लागले आणि टाकी 75 बाय 38, उंची 43 वर आली. स्टँड मात्र आधीच 40 चा करून ठेवलेला. दिवाळीपर्यंत सगळे तुकडे चादरीत गुंडाळून पलंगाखाली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हवा कोरडी झाली. सकाळी अकराला, कोवळं ऊन सरल्यावर, दोन्ही खिडक्या उघड्या, पंखा बाहेर तोंड करून. दुकानात सॉल्व्हंटला सरसकट क्लोरोफॉर्म म्हणतात, बाटलीत काहीही असो. वास गोडसर येतो आणि तो हुंगत बसायचा नाही, यकृताला वाईट. भाचा आला होता, त्याला आजोबांच्या चपला शोधायला खाली पाठवला आणि तिकडेच क्रिकेट खेळत ठेवला.

आईच्या शिवणाच्या डब्यातल्या सगळ्यात बारीक सुया घेतल्या, प्रत्येकीत लाल दोरा ओवला. तळावर दर दहा सेंटिमीटरला एक सुई आडवी आणि सुयांवर भिंत उभी. बाबांनी दोन्ही टोकांना गुण्या लावून भिंत काटकोनात धरली. आई दोरे घेऊन बसली. मी सिरिंजनं फटीच्या कडेनं क्लोरोफॉर्म सोडत गेले. ते फटीत आपोआप ओढलं जातं. ओली रेघ पुढे पळताना दिसते आणि तिच्यामागे काच-काच चमक येते. मनात तीसपर्यंत मोजलं, मग म्हटलं, "आई, ओढ." आईनं एका टोकापासून एकेक दोरा ओढला आणि भिंत स्वतःच्या वजनानं खाली बसली, फार हळू, जशी एखादी म्हातारी बाई पाटावर बसते. फट नाहीशी झाली. कड कुठे संपते आणि तळ कुठे सुरू होतो ते कळेना. आई म्हणाली, "अगोबाई, गेली कुठे?"

मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजचा रबरी दट्ट्या क्लोरोफॉर्मनं फुगून पाच मिनिटांत अडकतो, म्हणून सहा आणल्या होत्या. सहाही लागल्या. दर सांध्याला खोकं फिरवून घ्यायचं, म्हणजे जोडायची कड नेहमी खाली, आडवी. चार सांधे स्वच्छ झाले. पाचव्यात, उजव्या कोपऱ्यात, बुडबुड्यांची एक माळ राहिली. तिथे उजेड दिसला होता का, हे बाबांना विचारायचं धाडस मी केलं नाही.

आठ दिवस टाकी तशीच ठेवली. मग गॅलरीत, खाली वर्तमानपत्रं पसरून, काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी त्याच उजव्या कोपऱ्याखाली रुपयाएवढा ओला डाग. टाकी रिकामी करून दोन दिवस वाळवली. ॲक्रिलिकचा भुगा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून मधासारखा दाट गोंद केला आणि कोपऱ्यात आतून ओढला. पुन्हा आठ दिवस. पुन्हा वर्तमानपत्रं. या वेळी कोरडी.

भरल्यावर समोरच्या भिंतीवर बाबांनी पट्टी आडवी धरली. मधोमध दोन मिलिमीटर फुगवटा. "पोट सुटलं हिला," म्हणाले. मी घाबरले, पण ॲक्रिलिक लवचीक असतं, एवढं चालतं. हिशेब केला तर पाण्याचा त्या एका भिंतीवरचा जोर साधारण 60 किलो निघाला. म्हणजे आमची आई रात्रंदिवस त्या भिंतीला टेकून उभी.

स्टँड या वेळी लेव्हल लावून घेतला, वर थर्माकोल. मैत्रिणीकडच्या फिल्टरमधला जुना स्पंज आणून आमच्या फिल्टरला जोडला, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू आयतेच आले. नळाचं पाणी दोन दिवस पिंपात ठेवून मग वापरलं. फेब्रुवारीत आमचे मासे, झेब्रा डॅनियो, घरी आले. मैत्रीण म्हणाली, "थोडं थांबली असतीस तर यांची नावं रेशनकार्डवर चढवली असती."

पैशांचं विचाराल तर तयार काचेची टाकी याच्या निम्म्यात आली असती. तिला ओरखडेही पडले नसते. ॲक्रिलिकला नुसत्या घासणीनंही रेघा पडतात. अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड आणि स्पिरिट लावायचंच नाही, भेगा पडतात. मी जुन्या एटीएम कार्डानं शेवाळ काढते. तरी दुसऱ्याच आठवड्यात चुंबकाच्या क्लीनरखाली वाळूचा एक कण अडकला आणि समोर मधोमध वीतभर रेघ उमटली. 2000 नंबरच्या वॉटर पेपरनं आणि पॉलिशनं ती निघेल, पण त्यासाठी पाणी अर्ध्यावर आणावं लागेल. बघू.

स्टँडवर टाकीपुढे दोन सेंटिमीटरची पट्टी मोकळी राहिली आहे, त्या पांढऱ्या सांध्याची आठवण. आई तिथे उदबत्तीचा पुडा ठेवते. खालच्या काकू परवा मासे बघायला आल्या. कौतुक केलं, चहा घेतला. निघताना दारात थांबून विचारलं, "किती लिटर म्हणालीस?"

"शंभर, काकू."

त्यांनी एकदा टाकीकडे आणि एकदा आपल्या पायांखालच्या फरशीकडे बघितलं.