लंडनच्या पोटात सापडलेली उधारी

लंडनला आठ दिवस होतो. राजवाडा, टॉवर, थेम्समधली बोट, सगळं यथासांग पार पडलं. त्याचे फोटो फेसबुकवर आहेत, त्यापलीकडे मला काही सांगायचं नाही. सांगायचंय ते तळहातात मावेल एवढ्या एका लाकडी फळीबद्दल.

भाचीने बुकिंग करून ठेवलं होतं. "मामा, तिकीट फुकट आहे, म्हणजे तुला आवडणारच," हे तिचं आमंत्रण. 'बँक' नावाच्या मेट्रो स्टेशनच्या भुयारांतून चालून चालून गुडघे बोलायला लागले तेव्हा वॉलब्रूक नावाची गल्ली आली. समोर ब्लूमबर्ग या आर्थिक बातम्यांच्या कंपनीचं भलंमोठं ऑफिस. त्याच्या तळघरात, रस्त्याखाली ७ मीटरवर, रोमन लोकांचं मिथ्र देवाचं देऊळ आहे.

या देवळाची फरफट ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत हा भाग सपाट झाला. नवी ऑफिसं बांधायच्या आधी ग्राइम्स नावाच्या पुरातत्त्वज्ञाने खणायला घेतलं आणि सप्टेंबर १९५४ मध्ये, खोदकाम आटोपतं घेत असताना, मातीतून देवाचं संगमरवरी डोकं वर आलं. मग काय, लंडन लोटलं. काही दिवसांत चारेक लाख माणसं रांगा लावून बघून गेली. पण ऑफिस तर बांधायचंच होतं, म्हणून देऊळ दगड दगड सुटं करून शंभर मीटरवर रस्त्याकडेला, उघड्यावर, जमेल तसं पुन्हा रचलं. ते जुनं ऑफिस पाडून नवं उभारायचं ठरलं तेव्हा पुन्हा खोदकाम झालं आणि २०१७ मध्ये देव जवळजवळ मूळ जागी परतला.

आत अंधार, धुकं, लॅटिनमधला घोष. बेत छान आहे, पण माझ्या पुढचा पर्यटक सबंध वेळ मोबाइल उंच धरून उभा होता, त्यामुळे मी देऊळ त्याच्या स्क्रीनवरच पाहिलं. खरं सांगतो, मला काहीच झालं नाही. आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. शाळेच्या सहलीत ती बघताना जास्त थरारलो होतो.

मग वरच्या मजल्यावर काचेची भिंत आली. तिच्यात सहाशेच्या वर वस्तू: चामड्याची पायताणं, ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणाच्या आकाराचा अंबरचा (दगड झालेल्या राळेचा) ताईत, भांडी, नाणी. वॉलब्रूक हा मुळात इथला ओढा. त्याच्या ओल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून लाकूड आणि चामडं कुजलं नाही. त्याच चिखलातून लिहायच्या चारशेवर लाकडी फळ्या निघाल्या. जुन्या पिंपांच्या फळ्या कापून त्या बनवायचे, मधे खोलगट कोरून काळं मेण भरायचे आणि लोखंडी टोच्याने लिहायचे. मेण कधीच गेलं. पण ज्यांचा हात जड होता त्यांचे ओरखडे लाकडावर उतरले, आणि वेगवेगळ्या बाजूंनी उजेड पाडून ते वाचता आले.

एका फळीवर तारीख आहे, ८ जानेवारी इ.स. ५७. व्हेनुस्टसचा मुक्त केलेला गुलाम तिबुल्लस लिहून देतो, की स्पुरियसचा मुक्त केलेला गुलाम ग्राटस याचा माल मला मिळाला, त्याच्या किमतीपोटी मी त्याचे १०५ दिनार देणं लागतो. रोमन सैनिकाचा जवळजवळ सहा महिन्यांचा पगार.

मी तिथेच थांबलो. आमच्या वडिलांचं लक्ष्मीपुरीत किराणा दुकान होतं. लाल कापडाच्या बांधणीची वही, आणि तिच्यात अशीच वाक्यं: अमुक माल मिळाला, तमुक येणे बाकी. त्यातली निम्मी बाकी वडिलांबरोबरच गेली. वह्या मी रद्दीत घातल्या. किलोमागे किती मिळाले तेही आठवत नाही.

दुसऱ्या एका फळीवर कोणी तरी कळवळून लिहिलंय: ते सगळ्या बाजारात सांगत सुटलेत, की तू त्यांना पैसे उसने दिलेस, तुझ्याच भल्यासाठी सांगतो, शोभा करून घेऊ नकोस. हे वाक्य वडिलांच्या मित्रांच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय, फक्त मधे एकदोन शिव्या असायच्या.

ग्राटसला पैसे मिळाले का? तीन-चार वर्षांत रोमनांविरुद्ध उठलेल्या स्थानिक बूडिका राणीच्या बंडात लंडन जळून राख झालं. पण २१ ऑक्टोबर इ.स. ६२ च्या फळीवर वेरुलामियम या रोमन गावाहून लंडनला मालाच्या २० खेपा १३ नोव्हेंबरपर्यंत आणायचा करार आहे. राखेवर पुन्हा भाडं ठरवणारी माणसं हजर! व्यापारी जात कुठे मरत नाही, असं वडील म्हणायचे, बहुतेक कौतुकाने.

"मामा, चल ना, अर्धा तास त्याच काचेला नाक लावून उभा आहेस."

बाहेर पाऊस. सँडविचचे पैसे भाचीने कार्ड टेकवून दिले, तेही सँडविच थंडगार आणि कोरडं.

"तुझे नऊ पौंड लागतो मी," म्हटलं.

"लिहून दे."

कागदी रुमालावर लिहून दिलं. तारीख घालायची राहिली.